‘हो’ म्हटलं तर पुढे काय होतं?

बाळंतिणीचं मन ह्या विषयावर प्रश्न मागवले होते, आणि ह्या वेळी बरीच पत्रं परदेशातून आली. मी स्वतः पुण्यात नर्सिंग करून इकडे आले आणि गेली एकोणीस वर्षं न्यू जर्सीत बाळंतिणींच्या वॉर्डात काम करतेय, त्यामुळे ह्यातली दोन पत्रं वाचल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. चार पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, ते लांबणारच होतं.

प्रश्न : ताई नमस्कार, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, आठ वर्षं झाली. माझी ऑफिसमधली मैत्रीण ब्लॅक आहे, जन्मापासून नेवार्कची. दोन महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाला, मी दर शनिवारी तिच्याकडे जेवण घेऊन जाते. तिच्या सहा आठवड्यांच्या चेकअपला मीच तिला गाडीने नेलं, तिथे तिला तो दहा प्रश्नांचा फॉर्म दिला आणि मी शेजारीच बसले होते म्हणून दिसलं, तिने सगळं एकदम ‘मी मजेत’ असंच टिक केलं. आणि गाडीत बसल्यावर ढसाढसा रडायला लागली, की बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही, छातीत सारखं धडधडतं, आपण ह्याची आई व्हायला नको होतं असं वाटतं. मी म्हटलं अगं मग तिथे खरं का नाही लिहिलंस, तर म्हणाली, “लिहिलं असतं तर त्यांनी माझं बाळ नेलं असतं.” मला ते जरा अतीच वाटलं, खरं सांगते. शिकलेली आहे, चांगला जॉब आहे, इन्शुरन्स आहे. डॉक्टर मदतच करणार ना? तिला कसं समजावू?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : तुझं पत्र आलं त्याच रात्री मी तुला मेल केली होती, कारण हे अंक निघेपर्यंत थांबवण्यासारखं नव्हतं, बाळ झोपलं तरी जिला झोप लागत नाही तिला लवकर कुणीतरी बघायला हवं. आता इथे सगळ्यांसाठी लिहिते.

कसं समजावू असं विचारलंस. समजावू नकोस गं. निदान आधी नको. तिला जे माहितीये ते तुला माहीत नाही, आणि मलाही ह्या देशात येऊन कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

आधी तो फॉर्म बघू. एडिनबरा स्केल म्हणतात त्याला, बाळंतिणीला डिप्रेशन आहे का ते ओळखायला १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाला, मागच्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, प्रत्येकाचे ० ते ३ मार्क, एकूण ३०. मार्क जास्त म्हणजे त्रास जास्त. पण बाईच्या हातात जो कागद देतात त्यावर बहुतेक ठिकाणी मार्क छापलेले नसतात, आणि पर्यायांचा क्रमही सगळीकडे सारखा नसतो. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात सगळ्यात वरचा पर्याय म्हणजे ‘मी ठीक आहे’, उरलेल्या सात प्रश्नांत मात्र सगळ्यात खालचा पर्याय म्हणजे ‘मी ठीक आहे’. म्हणजे एखादीने कंटाळून न वाचता वरचं वरचंच टिक केलं तर तिचे २१ मार्क होतात आणि सगळ्या क्लिनिकची धावपळ उडते. शून्य आणायचं असेल तर दहाच्या दहा प्रश्न नीट वाचून, कुठला पर्याय सुरक्षित आहे ते प्रत्येक वेळी शोधून टिक करावं लागतं. सहा आठवड्यांची बाळंतीण, झोप नाही, छातीत धडधड, मांडीवर बाळ, आणि तिने ते एवढं लक्ष देऊन केलं. तिला प्रश्न कळले नव्हते असं नाही, तिला मदत नको होती असंही नाही. तिने तिच्या बाळाला जपलं, तिला जसं कळलं तसं.

आणि ती भीती हवेतून आलेली नाही. ह्या विषयावर बोलताना सगळेजण टस्कीगीचं नाव घेतात, अलाबामातलं, १९३२ ते १९७२, सिफिलिस झालेल्या शेकडो काळ्या पुरुषांना सरकारी डॉक्टरांनी उपचारच केले नाहीत, रोग कसा वाढतो ते बघत बसले, पेनिसिलिन हाताशी आलं तरी दिलं नाही. ते भयंकर आहेच. पण माझं मत विचारशील तर आजच्या आईच्या पोटात जो गोळा येतो तो टस्कीगीचा नाहीये, तो त्याहून खूप जवळचा आहे, तिच्या मावशीच्या, शेजारणीच्या घरात घडलेला. साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनला १९८९ पासून एका सरकारी हॉस्पिटलने गरोदर बायकांची लघवी त्यांना न विचारता ड्रग्जसाठी तपासून रिझल्ट पोलिसांना द्यायला सुरुवात केली. ३० बायकांना अटक झाली, काहींना बाळंत झाल्या झाल्या. त्या तिसातल्या २९ काळ्या होत्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००१ मध्ये कोर्टाने सांगितलं की हे घटनेच्या विरुद्ध आहे. म्हणजे कोर्टाचा निकाल येईस्तोवर बारा वर्षं गेली, तेव्हा जन्मलेली बाळं शाळेत जायला लागली होती. फ्लोरिडातल्या एका काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला, अभ्यास १९९० साली छापला गेला, गोऱ्या आणि काळ्या गरोदर बायकांमध्ये ड्रग्ज आणि दारूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, पण सरकारकडे कळवलं जाण्याची शक्यता काळ्या बायकांची दहापट. दहापट! आणि आजचं सांगायचं तर अमेरिकेतल्या काळ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त, ५३ टक्के, अठरा वर्षांची होईपर्यंत कधी ना कधी बालसंरक्षण खात्याच्या, म्हणजे मूल आईबापांकडून काढून घेऊ शकणाऱ्या सरकारी खात्याच्या, चौकशीत येतात, गोऱ्या मुलांमध्ये हेच २८ टक्के आहे. तुझी मैत्रीण नेवार्कमध्ये वाढली. तिच्या वर्गातल्या कितीजणांच्या दारात त्या खात्याची गाडी उभी राहिली असेल ह्याचा हिशेब तूच कर. तिला ‘अती’ म्हणू नकोस.

तू म्हणशील पण न्यू जर्सी तर ह्या बाबतीत पुढे आहे. आहे की. इथल्या एका माजी गव्हर्नरची बायको मेरी जो कोडी स्वतः बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनमधून गेली होती, ती जाहीरपणे बोलली, आणि २००६ मध्ये प्रत्येक बाळंतिणीचं स्क्रीनिंग, म्हणजे असे प्रश्न विचारून तपासणी, करायचा कायदा झाला, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मला त्या बाईबद्दल मनापासून आदर आहे. पण फॉर्म भरून घेतला म्हणजे उपचार झाले असं नसतं ना. ह्याच राज्यातल्या, सरकारी विमा म्हणजे मेडिकेडवर असलेल्या साधारण तीस हजार बाळंतिणींच्या नोंदी तपासून २०११ मध्ये निष्कर्ष छापला गेला, बाळंतपणानंतर सहा महिन्यांत मनासाठी उपचार सुरू झाले अशा गोऱ्या बायका ९ टक्के, काळ्या फक्त ४. आणि ज्यांचे सुरू झाले त्यांच्यातही पुढे ते चालू राहण्याचं प्रमाण काळ्या बायकांचं कमी. विमा सगळ्यांचा एकच, राज्य एकच.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय मला तुला सल्ला द्यायचा हक्क नाही. मी नवीन होते तेव्हा एका काळ्या आईने, बावीस-तेवीस वर्षांची होती, फॉर्म हातात धरून मला सरळ विचारलं, “हे टिक केलं तर माझ्या घरी कोण येतं?” मी म्हटलं, कोणी नाही येत गं, काळजी नको करूस. मला माहीत नव्हतं. मी चौकशी केली नव्हती, तिला बरं वाटावं म्हणून बोलून गेले. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून खरं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यात बिल्ला लटकवून एक बाई तिच्या खोलीत शिरली आणि म्हणाली, मी सोशल वर्कर. आपल्याला ‘सोशल वर्कर’ म्हटलं की समाजसेविका आठवते, खादीची पिशवी आठवते. त्या मुलीला काय आठवलं असेल? बाळ घेऊन जाणारी बाई. ती सोशल वर्कर हॉस्पिटलचीच होती, चांगली होती, थेरपिस्टचा नंबर द्यायला आली होती. पण त्या मुलीने बाळाला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं आणि नंतर घरी जाईपर्यंत आमच्यापैकी कुणाशीही एक शब्द बोलली नाही. माझ्याकडे तर बघितलंही नाही. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

त्या दिवसानंतर मी फॉर्म द्यायच्या आधी बसते आणि सांगते की हा कागद कोण वाचणार, कुठे ठेवला जाणार, मार्क जास्त आले तर कोण येईल, त्या बाईचं काम काय, ती कुठल्या खात्याची आहे आणि कुठल्या खात्याची नाही. तीन मिनिटं लागतात. माझ्या अनुभवाने सांगते, तीन मिनिटांनंतर कागदावर वेगळी उत्तरं येतात.

म्हणून तुला जे करायचंय ते हे. पुढच्या वेळी तिच्याबरोबर जा, आणि फॉर्म हातात आला की तो भरायच्या आधी काउंटरवर किंवा नर्सला विचारा, की ह्यात जास्त मार्क आले तर तुमच्याकडे पुढे नेमकं काय करतात? दहाव्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का त्याला, ‘हो’ म्हटलं तर काय करतात? बालसंरक्षण खात्याला कधी कळवता आणि कधी नाही? हे विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे. पण ती विचारेल तर ‘हिला का एवढी चौकशी’ असं होईल ही तिची भीती खरी आहे, म्हणून तू विचार, तुझ्यावर तो संशय पटकन येत नाही, आणि आपल्याला ही मिळालेली सवलत अशा कामी लावायला हवी. नुसतं डिप्रेशन, नुसती चिंता, रडू येणं, झोप न येणं, ह्यांना कायद्यात बाळाची हेळसांड म्हणत नाहीत. साधारणपणे डॉक्टर आणखी प्रश्न विचारतात, थेरपिस्टकडे पाठवतात, औषधाचं बोलतात, परत लवकर बोलावतात. दहाव्याला ‘हो’ असेल तर त्याच दिवशी नीट बसून विचारतात, आणि जीवाला खरंच धोका वाटला तर हॉस्पिटलमध्ये ठेवायचं बोलतात. हेही तिला लपवू नकोस. माझ्यासारखं ‘काही होत नाही’ म्हणू नकोस.

क्लिनिकमधून सुरुवात करायची नसेल तर १-८३३-८५२-६२६२ हा गरोदर आणि बाळंत बायकांसाठीचा सरकारी फोन आहे, २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मेसेजही करता येतो आणि स्वतःचं नाव सांगायची गरज नाही. काळ्या आयांसाठी काळ्या बायकांनीच चालवलेले आधारगट आहेत, काळ्या दाई-सोबतिणी म्हणजे डूला आहेत, काळ्या थेरपिस्ट आहेत. तिला तिच्यासारखं माणूस हवं असेल तर ते हट्ट म्हणून बघू नकोस, आपणही फोनवर मराठी आवाज ऐकला की खांदे खाली सोडतोच ना. आणि ती जर सलग दोन-तीन रात्री अजिबात न झोपता भलतंच बोलायला लागली, कुणी बाळावर नजर ठेवून आहे, आवाज येतात, बाळाला वाचवायला काहीतरी करावं लागेल असं, तर मात्र विचारत बसायचं नाही, तूच तिला घेऊन इमर्जन्सीत जायचं आणि तिच्याजवळून हलायचं नाही. हे हजारात एखाद-दोघींना होतं, पण होतं तेव्हा तासांचा प्रश्न असतो.

तुझी परवा आलेली मेल वाचली. तू विचारलंस, काउंटरवरच्या मुलीला उत्तर माहीत नव्हतं, ती आत गेली आणि वीस मिनिटांनी नर्सला घेऊन आली, आणि तुझ्या मैत्रिणीने नवा फॉर्म मागून घेतला. नऊ प्रश्न भरले, दहावा कोरा ठेवला. कोरा ठेवला तरी चालेल असं नर्स म्हणाली आणि गुरुवारी परत यायला सांगितलं, ती नर्स मला आवडली. गुरुवारी तू जाणार आहेस ना? जा.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांगलीची, वय ६१, लेकीच्या बाळंतपणासाठी ह्यूस्टनला आलेय. नात पाच आठवड्यांची आहे. लेक इंजिनिअर आहे पण सध्या व्हिसामुळे नोकरी नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडते, बाहेर आली की ‘काही नाही आई, शॅम्पू गेला डोळ्यात’ म्हणते. डॉक्टरकडे मी आणि जावई दोघंही बरोबर होतो, तिने फॉर्मवर सगळं चांगलं लिहिलं. मला म्हणते, इथे मनाचं काही लिहिलं की रेकॉर्डला लागतं, ग्रीन कार्डला अडतं. त्यात हॉस्पिटलमधली एक नर्स मी तिचं पोट बांधलं म्हणून फटकन बोलली, हे असलं कोण सांगतं तुम्हाला म्हणाली, त्यानंतर लेक त्यांना काहीच सांगत नाही. मुलगी झाली म्हणून आमच्याकडे कुणी काही बोललेलं नाही हो. फक्त तिच्या सासूबाई फोनवर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणाल्या. मी काय करू?

उत्तर : काकू, तुम्ही नळाचा आवाज ऐकलात, हेच आधी मोठं आहे. तुम्ही तिथे आहात म्हणून ते कुणाला तरी कळलं.

पहिली गोष्ट म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही आणि जावईबापू दोघंही बाहेर बसा. तुमचं काही चुकलं असं नाही. पण आई आणि नवरा शेजारी असताना ‘मला बाळाबद्दल काही वाटतच नाहीये’ असं कुठली मुलगी लिहील? मी स्वतः २००९ मध्ये, दुसऱ्या बाळंतपणानंतर, ह्याच वॉर्डात काम करत असून, फॉर्मवर खोटं लिहिलंय, कारण माझे यजमान बाळाला घेऊन समोर उभे होते आणि त्यांचा चेहरा आधीच उतरलेला होता. लहान बाळाच्या डॉक्टरकडेही पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्याला आईला हे प्रश्न विचारावेत असा इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा आग्रह आहे, म्हणजे संधी परत येणार आहे. तेव्हा नातीला तुम्ही घ्या आणि बाहेर फिरवा. आणि कधी भाषेची अडचण आली तर हॉस्पिटलने फुकट दुभाषा द्यायचा असतो, तो मागायचा, घरच्या माणसाने भाषांतर करायचं नाही, घरचा माणूस गाळून सांगतो.

ग्रीन कार्डाचं. नुसत्या डिप्रेशनचं निदान झालं, गोळी घेतली, थेरपिस्टकडे गेली, म्हणून ग्रीन कार्ड सहसा अडत नाही. ग्रीन कार्डासाठी जी मेडिकल तपासणी होते तिच्यात मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं वागणं आहे का ते बघतात. विम्याचंही तसंच, आधीचा आजार आहे म्हणून आरोग्य विमा नाकारता येत नाही, २०१४ पासून तो नियम आहे. तिचा इमिग्रेशनचा वकील असेल तर त्याला एकदा विचारून टाका, तिच्या मनातला काटा निघेल.

सासूबाईंचं वाक्य. तुम्ही ते ‘फक्त’ म्हणून लिहिलंत, मला ते फक्त वाटत नाही. गोव्यात आपल्याच बायकांचा एक अभ्यास झाला होता, २००२ मध्ये छापला गेला, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना डिप्रेशन होतं, आणि मुलगी झाली त्याची घरात नाराजी, नवऱ्याची मारहाण, गरिबी ही त्यामागची कारणं निघाली. तुमच्या घरात मारहाण नाही, गरिबी नाही. पण ‘पुढच्या वेळी बघू’ हे पाच आठवड्यांच्या बाळंतिणीला किती लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको. जावयांना सांगा, तुम्ही नका विहिणीशी बोलू, मुलाने आईला सांगायचं असतं हे.

त्या नर्सचं मला फार वाईट वाटलं. पोट बांधणं काही जगावेगळं नाही, अमेरिकेतल्या दुकानात त्याचे पट्टे मिळतात, फक्त सिझेरियन असेल तर टाक्यांवर घट्ट नको. एका फटकन बोललेल्या वाक्याने बाई सहा महिने गप्प बसते हे आमच्या धंद्यातल्या लोकांना शिकवायला पाहिजे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपा-ओव्याचं पाणी सगळं बिनधास्त द्या. एकच सांगते, सांगलीहून एखादी भस्माची किंवा गुटीची पुडी आणली असेल तर ती डॉक्टरांना नक्की दाखवा, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीचे निष्कर्ष २००८ मध्ये अमेरिकेत छापले गेले, त्यांत साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. हे आपल्या औषधांची थट्टा करायला सांगत नाहीये, दुधातून नातीच्या पोटात जाईल म्हणून सांगतेय.

आणि लेकीला ‘मन घट्ट कर’ म्हणू नका. दक्षिण आशियाई आयांसाठी ऑनलाइन गट आहेत, पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनल ही १९८७ पासूनची संस्था ते चालवते, घरात बसून फोनवर बोलता येतं. तुमची परतीची तारीख कधी आहे ते लिहिलं नाहीत. शक्य असेल तर आत्ताच तिला ती सांगून टाका, ती रोज मनात दिवस मोजत असणार.

प्रश्न : तुमचं सदर आवडतं, पण अमेरिकेतलं हे काळं-गोरं आपल्या अंकात कशाला? तिकडे काळ्या आया बाळंतपणात जास्त मरतात म्हणतात, पण मला वाटतं त्या बायकांच्या शरीरातच काहीतरी असेल, त्यांना बीपी जास्त असतं म्हणतात. शिवाय शिक्षण कमी, डॉक्टरकडे वेळेवर जात नसतील.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा प्रश्न तुम्ही एकट्याने नाही विचारलेला, म्हणून घेतला. शिक्षणाचं आधी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, २००७ ते २०१६ ची आकडेवारी तपासली, कॉलेजची पदवी घेतलेल्या काळ्या बायकांचं गरोदरपण-बाळंतपणाशी संबंधित मृत्यूचं प्रमाण तेवढ्याच शिकलेल्या गोऱ्या बायकांच्या ५.२ पट निघालं. म्हणजे शिकून दरी बुजत नाही. त्याच सीडीसीत काम करणारी शॅलन अर्व्हिंग नावाची संशोधक होती, समाजातली विषमता आरोग्यावर काय परिणाम करते हाच तिचा अभ्यास, २०१७ च्या जानेवारीत बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी ती गेली. त्या तीन आठवड्यांत ती पुन्हापुन्हा दवाखान्यात जाऊन आली होती. जात नव्हती असं नाही हो. सेरेना विल्यम्सला तर जग ओळखतं, तिला आधी रक्ताच्या गुठळ्या झालेल्या होत्या, २०१७ मध्ये बाळंत झाल्यावर श्वास लागला तेव्हा तिने नर्सला स्वतः सांगितलं की मला सीटी स्कॅन हवा आणि रक्त पातळ करायचं औषध हवं, नर्सला वाटलं वेदनाशामकाच्या गुंगीत बोलतेय. शेवटी स्कॅन केला तर फुफ्फुसात गुठळ्या होत्या.

शरीराचं म्हणाल तर २०१६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना विचारलं होतं, त्यातल्या निम्म्या जणांना काळ्या माणसांच्या शरीराबद्दलची एक तरी खोटी गोष्ट खरी वाटत होती, त्यांची कातडी जाड असते वगैरे, आणि ज्यांना असं वाटत होतं त्यांनी काळ्या पेशंटचं दुखणंही कमी धरलं. जिच्या टाक्यांचं दुखणं खरं मानलं जात नाही तिने मनाचं दुखणं कुणाला सांगायचं? सांगितलंच, आणि रडून न सांगता चिडून सांगितलं, तर फाईलमध्ये लिहितात पेशंट सहकार्य करत नाही. डिप्रेशन कितीदा चिडचिडीतूनच बाहेर पडतं, अंगदुखीतून पडतं, आपल्या बायकाही ‘डोकं चढलंय, अंग मोडून आलंय’ असंच म्हणतात की, ‘उदास वाटतं’ म्हणत नाहीत.

२०२३ चे आकडे, दर लाख जिवंत जन्मांमागे काळ्या आयांचे मृत्यू ५०.३, गोऱ्या आयांचे १४.५. हेही प्रामाणिकपणे सांगते की २०१७ ते २०१९ च्या मृत्यूंचा आढावा घेतला तेव्हा एकूणात सगळ्यात मोठं कारण मानसिक आजार निघालं, आत्महत्या आणि ड्रग्जचा ओव्हरडोस धरून जवळपास २३ टक्के, पण काळ्या आयांमध्ये पहिलं कारण हृदयाचे आजार होतं. ह्यातून काळ्या आयांना मनाचा त्रास कमी असतो असा अर्थ काढू नका. आणि त्याच आढाव्यात ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू टाळता आले असते असंही निघालं. म्हणजे सगळा दोष शरीराचा नाही.

आपल्या अंकात कशाला, तर एडिसनपासून लेस्टरपर्यंत आपल्या मुली बाळंत होतायत म्हणून. ब्रिटनमध्ये बाळंतपणानंतर सहा आठवडे ते एक वर्ष ह्या काळात थेट कारणांनी जाणाऱ्या आयांमध्ये आत्महत्या हे सगळ्यात मोठं कारण आहे. आणि आपल्या मुली नसत्या बाळंत होत तिकडे, तरी मी हे लिहिलंच असतं.

प्रश्न : बाळ अंगावर पितंय, अशा वेळी डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या तर चालतात का? नवीन १४ दिवसांची गोळी आलीय ती कशी आहे?

उत्तर : थोडक्यात सांगते, बाकी तुमच्या डॉक्टरांशी बोला. अंगावर पाजताना सर्ट्रालिन सगळ्यात जास्त दिलं जातं, दुधात ते फार थोडं उतरतं. गोळी घ्यायची म्हणून दूध तोडायची गरज बहुतेक वेळा नसते, आणि चालू असलेली गोळी मनाने बंद तर अजिबात करू नका. नवीन गोळी म्हणजे झुरानोलोन, अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठीची ही पहिलीच तोंडाने घ्यायची गोळी. १४ दिवस, रोज संध्याकाळी, तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर. लवकर गुण येतो पण गुंगी येते, गोळी घेतल्यावर बारा तास गाडी चालवायची नाही, आणि रात्री बाळाला उचलायला घरात दुसरं माणूस पाहिजे. दुधाबद्दल तिची माहिती अजून थोडी आहे. बाजारात आली तेव्हा कोर्सची किंमत पंधरा हजार डॉलर्सच्या वर होती, म्हणून विम्याची मंजुरी आधी मागा. नाकारली तर अपील करा, नाकारल्याचं पत्र लेखी मागून घ्या आणि डॉक्टरांच्या ऑफिसला त्यांच्या लेटरहेडवर चिठ्ठी द्यायला सांगा.